मला तहान नाही, बाई

बाई,

आज सकाळी आईनं तुमचा गिलास चिंचेनं घासला. आठ दिवस झाले, ती माझ्याकडे अकोल्याला आली आहे, आणि आल्यापासून माझ्या एका खोलीत तिला रोज काहीतरी चुकीच्या जागी ठेवलेलं सापडतं. आज टेबलावरच्या गिलासातले टाक आणि पेन्सिली तिनं वर्तमानपत्रावर ओतल्या, गिलास उलटा करून त्याचं बूड पाहिलं आणि म्हणाली, "एवढा जड पितळी गिलास, अन् त्यात लाकडं खुपसून ठेवतं? कोणाचा हाय रे हा?" मी दाढी करत होतो. "हापिसातला," म्हणालो. तोंडाला फेस होता म्हणून तेवढ्यावर सुटलो. आता गिलास खिडकीत उपडा वाळतो आहे आणि उन्हात इतका चमकतो आहे की लिहिताना डोळे तिकडेच जातात. आई शेजारणीकडे वाती वळायला गेली आहे. ती परत यायच्या आत हे लिहून संपवायचं असं ठरवून बसलो आहे. माझं ठरवणं तुम्हाला माहीत आहे. तरी आज या खुर्चीवरून उठायचं नाही.

तुमच्याकडे आलो तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि मॅट्रिकच्या इंग्रजीत दोनदा नापास झालो होतो. शाळेत जायला म्हणून घरून निघायचो आणि बडनेऱ्याच्या मालधक्क्यावर अडकायचो. शेंदूरजनाघाटकडून आलेली संत्री तिथं चढायची. ती पेट्यांत कशी रचतात, वर गवत कसं दाबतात, हे पाहण्यात सकाळ जायची, आणि ती कुठं जातात हे कळावं म्हणून एकदा मी त्याच गाडीनं नागपूरपर्यंत गेलो होतो. दादा रेल्वेत पॉइंट्समन. तोच एक दिवस म्हणाला, "तुह्या पायाले भिंगरी हाय, ते काही सुटत नाही. पण रेल्वेत चिकटशीन त फुकटात फिरशीन. त्याले मॅट्रिक लागते. अमरावतीत एक बाई हायत, सकाळच्या पारी इंग्रजी शिकवतात. त्या म्हशीलेही पास करतीन." आईनं विचारलं, कोणाच्या? दादानं सांगितलं. तुमच्या घरानं नागपूरला दीक्षा घेतली त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती, पण आमच्या घरात तुमची जुनी जातच बोलली गेली, तीही आवाज खाली करून. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या पिशवीत वही ठेवली, दौत ठेवली आणि शेजारी पाण्यानं भरलेला गडवा ठेवला. त्याच्या तोंडाला फडकं बांधलं. "इद्या घेजो," म्हणाली, "पाणी घेऊ नको."

बाहेरच्या खोलीत तुमचे वडील खाटेवर पडून असायचे, म्हणून वर्ग स्वयंपाकघरात. मला हे माहीत नव्हतं. मी उंबऱ्याशी थबकलो आणि तुम्ही पाठमोऱ्याच म्हणालात, "ये आत, कोणी खात नाही तुले." तुम्ही चुलीपुढे बसलेल्या, समोर परातीत ज्वारीचं पीठ, भिंतीवर बुद्धाचं चित्र असलेलं जुनं कॅलेंडर, आणि मिठापासून मोहरीपर्यंत प्रत्येक डब्यावर खडूनं इंग्रजी नाव. आम्ही तिघं. मी, नर्सिंगला जायचं म्हणणारी एक मुलगी, आणि कचेरीतले एक शिपाईकाका, ज्यांना वयाच्या चाळिशीत कारकून व्हायचं होतं. तुमची रीत अशी की भाकरी तव्यावर टाकली की क्रियापद टाकायचं. ती फुगून खाली उतरेपर्यंत त्याचे तिन्ही काळ झाले पाहिजेत, नाहीतर करपलेली भाकरी ज्याची चूक त्याच्या नावानं बाजूला ठेवली जायची. "हे पाह्य, हे तुह्या गो-वेंटनं जाळली," असं तुम्ही मला म्हणायच्या. शिपाईकाका हसत हसत सांगायचे, "बाई, या पोट्ट्यापायी तुमी उपाशी मरसान." मी घरून निघताना वाटेत बैलांना, धोंड्यांना, सायकलवाल्यांना भूतकाळात घालत यायचो. खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मला कुठंतरी वेळेवर पोचायचं होतं.

आणि रोज आठ वाजता पाण्याचा धडा. तुम्ही माठातून पितळी गिलास भरायच्या आणि एकेकाला इंग्रजीत विचारायच्या, विल यू हॅव सम वॉटर? मुलगी म्हणायची, येस, प्लीज, आणि प्यायची. काका म्हणायचे, येस, प्लीज, आणि दोन गिलास प्यायचे. माझी पाळी आली की मी म्हणायचो, नो, थँक यू, आय ॲम नॉट थर्स्टी. नको, मला तहान नाही. हे वाक्य मी घरून पाठ करून आलो होतो, एका जुन्या पुस्तकातून, आणि ते सगळ्या वर्गात सगळ्यांत शुद्ध होतं. पहिल्या दिवशी तुम्ही 'व्हेरी गुड' म्हणालात. दुसऱ्या दिवशी नुसतं 'गुड'. नंतर काहीच नाही, फक्त गिलास माझ्यापुढे धरायच्या, वाक्य ऐकायच्या आणि गिलास परत माठावर ठेवायच्या. वर्ग सुटला की मी तुमच्या गल्लीच्या वळणावर बसून गडव्यातलं कोमट पाणी घटाघट प्यायचो. काकांनी एकदा पाहिलं. ते जवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "माह्या सायबाच्या बंगल्यावर कोण कोणाच्या हातचं पेते हे इचारत बसलो असतो ना, त मी कवाच सुकून गेलो असतो. आरामात पे, ठसका लागंन." त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही याची मला खात्री आहे. सांगायची गरजही नव्हती.

माघ सरता सरता गडव्याचं फडकं सुटलं. मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो आणि तुमच्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर पाण्याचा एक ओघळ माझ्याकडून तुमच्याकडे निघाला. वही भिजली. सहा महिन्यांचे शब्द, रोजचे दहा, सगळे निळे होऊन एकमेकांत मिसळले. तुम्ही तवा उतरवला. हात पुसले. गडवा पिशवीतून काढून चुलीशेजारी ठेवला आणि विचारलंत, "हे पाणी कुठचं?" मी म्हणालो, "घरचं." पुढचे तुमचे शब्द मी दहा वर्षांत एकही हलू दिलेला नाही. "तुहं वाक्य बरोबर होतं," तुम्ही म्हणालात, "रोज बरोबर होतं, त्यात काढायले चूक नाही. पण मी खोट्या वाक्याले मार्क देत नाही. तुले तहान लागंन तवा येजो. तोवर येऊ नको." आवाज चढला नव्हता. मुलीनं फडकं आणून ओघळ पुसला. परीक्षेला एकवीस दिवस होते, आणि मला अजून कर्मणी प्रयोग येत नव्हता.

मी घरी गेलो नाही, गडवा आणि भिजलेली वही उचलून अकोल्याची गाडी धरली. रागानं गेलो असं सगळ्यांना सांगितलं, पण लाजेनं गेलो. कापसाच्या बाजारात बैलगाड्यांची रांग लागलेली होती. सरकी वेगळी होताना, गठाणी बांधताना बघत मी तीन दिवस काढले. गठाणीवर पत्र्याच्या साच्यातून काळी अक्षरं उमटवणारा एक माणूस होता. त्याला अक्षरं उमटवता यायची, वाचता यायची नाहीत. मी त्याला वाचून दाखवू लागलो. "मॅट्रिक हायस काय?" त्यानं विचारलं. "होऊन राहिलो," मी म्हणालो. त्याच दुपारी बाजाराच्या तोंडाशी एका पाणपोईवर एक म्हातारी वरून धार धरत होती. मी ओंजळ केली, पोटभर प्यालो, तोंड पुसलं आणि चार पावलं चालून थांबलो. ती कोण, कुठली, मी विचारलं नव्हतं. मनातसुद्धा नाही. तिच्या जागी तुम्ही असतात तर मी शुद्ध इंग्रजीत नाही म्हणालो असतो. ज्या एका माणसाकडून मला माझ्या आयुष्यात काही हवं होतं, त्याच माणसाच्या हातचं मी घेत नव्हतो. मी उलटा वळलो. साचेवाला ओरडला, "कुठी चालला रे?" मी म्हणालो, "मॅट्रिक व्हायले."

बडनेऱ्याला उतरलो तो रविवार होता, बाराचं ऊन. घर शंभर पावलांवर. तिकडे गेलो नाही. अकोल्याला भरून घेतलेला गडवा एका लिंबाच्या बुंध्याशी रिकामा केला आणि अमरावतीपर्यंत पायी निघालो. टांगे जात होते, ओळखीचे होते, थांबवले नाहीत. वाटेत दोन विहिरी लागतात, उसाच्या रसाचा एक गुऱ्हाळवाला लागतो, तो हाक मारतो आणि माझे पाय, बाई, या पायांना हाक पुरते, तरी ते वळले नाहीत. तुम्ही खोट्या वाक्याला मार्क देत नव्हता. मला खरं वाक्य घेऊन यायचं होतं आणि ते तयार करायला एवढा रस्ता लागणार होता. तुमच्या दाराशी पोचलो तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती. वडील खाटेवरून म्हणाले, "कोण व्हय?" तुम्ही आतून आलात. मी म्हणालो, आय ॲम थर्स्टी. मे आय हॅव सम वॉटर, प्लीज?

"पुन्हा म्हण," तुम्ही म्हणालात, "थ जिभेनं, दातानं नाही."

मी पुन्हा म्हणालो. तुम्ही आत गेलात, मी मागोमाग. तुम्ही गिलास भरलात. मी तीन गिलास प्यालो, उभ्यानंच, अर्धं पाणी सदऱ्यावर. "किती दिवसाची तहान होय रे हे?" मी म्हणालो, "सहा महिन्याची." तेव्हा तुम्ही हसलात. मी तुम्हाला हसताना पाहिलं ते तेवढंच. मग म्हणालात, "उद्या सातले ये. कर्मणी बाकी हाय तुहा."

मी पास झालो. कसाबसा, पण तिसऱ्या खेपेला झालो आणि अकोल्याच्या पार्सल ऑफिसात चिकटलो. निकाल सांगायला आलो तेव्हा तुम्ही माठावरचा गिलास उचलून माझ्या हातात दिलात. "गडवा सांडते," म्हणालात, "हा ने." दिवाळीच्या आत शिपाईकाकांचं कार्ड आलं की बाई तापानं गेल्या. मी निघालो होतो, बाई. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा वाटलं, आई विचारेल कोणाच्या दुखवट्याला चालला, आणि मी तिथंच उतरलो. उलट गाडीनं परत आलो.

हे शिपाईकाकांना माहीत आहे. जे कोणालाच माहीत नाही ते आता लिहितो. तीन गिलास पाणी प्यायलो त्या संध्याकाळी मी बडनेऱ्याला परतलो आणि घरात शिरायच्या आधी स्टेशनच्या नळावर चूळ भरली. तीन वेळा. पाण्याला वास येत नाही हे मला कळत होतं. तरी भरली. आईनं विचारलं, "पाणी नाही पेला ना?" मी म्हणालो, नाही. ऑफिसात मी कितीदा त्या उन्हाच्या रस्त्याची गोष्ट सांगितली आहे. लोक पाठ थोपटतात. नळ मी दर वेळी गाळतो. आणि तुमचा गिलास इथं टेबलावर ठेवला, त्यात टाक ठेवले, मनाला सांगितलं की हा मान आहे. मान नव्हता. दहा वर्षांत मी त्यातून घोटभर पाणी प्यालेलो नाही.

मघाशी एक गंमत सुचली होती. काही बोलायचंच नाही. आई परत येईल, चकचकीत गिलास पाहील, माठातून भरून घेईल आणि तुमच्या भांड्यातून पिऊन मोकळी होईल. मला वाटलं, जिंकलो आपण. मग कानात तुमचा तवा उतरवण्याचा आवाज आला. तिला न सांगता पाजलेलं पाणी म्हणजे पुन्हा माझंच जुनं वाक्य, बिनचूक आणि खोटं. तुम्ही त्याला शून्य दिलं असतं.

जिन्यावर तिच्या चपला वाजताहेत. हे पत्र घडी करून त्या भिजलेल्या वहीत ठेवतो, तिथंच ते राहील. ती आत आली की गिलास तिच्या हातात देऊन आधी सांगणार की तो कोणाचा आहे, मग नळाचं सांगणार, आणि मग तो भरून मला दे असं म्हणणार. ती देईल की खिडकीतून भिरकावेल, मला ठाऊक नाही. भिरकावला तर खाली जाऊन उचलून आणीन. सकाळपासून मी पाणी प्यालेलो नाही, बाई. या खेपेला ते मुद्दाम केलेलं नाही. लिहिण्यात विसरलो.