साहेब माझ्या शब्दाबाहेर नाहीत

रविवार, १ डिसेंबर १९९६
आजपासून बाजार मी करणार. बायकोला, उज्ज्वलाला, स्पष्ट सांगितलं की तुला माल पारखता येत नाही. तिने लगेच पिशव्या काढून दिल्या. जरा जास्तच लगेच.
बाजारात धुरपदाबाई भेटली. शिरपूरकडची, वालपापडी-वांग्यांचा ढीग लावून बसते. आपल्या भागातली म्हणून बोलणं निघालं. कामाला कुठे, तिने विचारलं. हजिऱ्याला, मोठ्या कंपनीत, म्हणालो. टाइम ऑफिसात क्लार्क आहे हे भर बाजारात कशाला सांगायचं? तिचा जावई योगेंद्र, त्याचं कापडाच्या लूमवरचं काम सुटलंय. मुलगी माहेरी आलीये. साहेबाला सांगाल का, म्हणाली. मी म्हणालो, साहेब माझ्या शब्दाबाहेर नाहीत.
कसं बोलून गेलो कळलं नाही. तिने वरून दोन ओंजळी पापडी टाकली. मी नको म्हणालो. हळू म्हणालो असेन.

सोमवार, २ डिसेंबर
पापडी कोवळी होती. साहेबांशी बोलणार होतो. सकाळी ते मीटिंगमध्ये. दुपारी मोकळे होते, पण मूड नव्हता. माझा.

रविवार, ८ डिसेंबर
आज खरं सांगून टाकायचं ठरवून गेलो. धुरपदाबाईने लांबूनच विचारलं, "भाऊ, जवाईनं काय व्हयनं?" आणि माझ्यासाठी बाजूला ठेवलेली भरताची वांगी काढली. पाठीमागे तिची मुलगी शेंगा निवडत होती. तिने मान वर करून पाहिलं. अशा वेळी खरं बोलणं बरं दिसत नाही. फाइल टेबलावर आहे, म्हणालो.
घरी भरीत केलं. घास उतरेना. तिसऱ्या भाकरीला थांबलो.

गुरुवार, १२ डिसेंबर
ऑफिसात विषय काढणं चूक. माणूस घरी मऊ असतो. रविवारी ताजी भाजी घेऊन थेट साहेबांच्या बंगल्यावर. हे आधी का सुचलं नाही?

रविवार, १५ डिसेंबर
पोंक घेतला, म्हणजे आपला हुरडाच. शिवाय हिरवा लसूण. बंगल्याचं दार मॅडमनी उघडलं. लसूण नाकाला लावून खूश झाल्या. "आवता रविवारे पण लेता आवजो," म्हणाल्या. म्हणजे पुढच्या रविवारीही आणायचं. साहेब पेपर वाचत होते. सर, एक विनंती होती, म्हणालो. ते म्हणाले, विनंती ऑफिसात.
ओळख मात्र वाढली.

रविवार, २२ डिसेंबर
मॅडमसाठी कंद, तुरीच्या शेंगा, टोमॅटो. टोमॅटो कच्चे निघाले. मॅडमनी बदलून आणायला सांगितलं. आणले. या धावपळीत घरची भाजी राहिली. उज्ज्वलाने पिठलं केलं आणि आग्रहाने वाढलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

रविवार, २९ डिसेंबर
वाईट झालं. योगेंद्रला कडोदऱ्याला एक काम येत होतं. तो नाही म्हणाला. माझ्या भरवशावर. धुरपदाबाई हे अभिमानाने सांगत होती. नोकरी पक्की म्हणून मुलीने सासरीही कळवलंय.
काय बोललो आठवत नाही. वांगी न घेताच निघालो, तर तिने मागून येऊन पिशवीत घातली.
उद्या बोलणार. मग काहीही होवो.

सोमवार, ३० डिसेंबर
बोललो. धुरपदाबाईच्या जावयाची सगळी हकिकत सांगितली. साहेबांनी ऐकून घेतलं. भरती बंद आहे, म्हणाले. मग विचारलं, तुम्ही कुठल्या डिपार्टमेंटला?

रविवार, ५ जानेवारी १९९७
ताप. थर्मामीटरमध्ये येत नाही, पण आतून आहे. बाजाराला उज्ज्वला गेली. बंगल्यावर निरोप धाडला नाही. ती उशिरा परतली. धुरपदाबाई काय म्हणाली, विचारलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, मी तिला खरं ते सांगितलं. तुमचं काम काय, ते.
पांघरूण डोक्यावरून घेतलं.

रविवार, १२ जानेवारी
गेलो. माफी मागायची, बस. वाटेत वाक्य पाठ केलं.
धुरपदाबाईने बसायला गोणपाट सरकवलं. योगेंद्र मंगळवारी स्वतःच कडोदऱ्याला गेला, जागा अजून होती, लागला. मुलगी नवऱ्याकडे गेली. मी म्हणालो, माझं चुकलं. ती म्हणाली, पहिल्या दिवशी नाही म्हणाला असतात तरी पापडी दिलीच असती. पोरगी मात्र दोन दिवस रडली.
यावर पाठ केलेलं वाक्य चाललं नाही. गोणपाटाचे धागे उपटत बसलो.
तिला वाटलं, मी माझ्याच दुःखात आहे. गिऱ्हाइकं थोडी पांगल्यावर हळूच म्हणाली, तुमचा साहेब तुमच्याकडून भाजी वाहून घेतो म्हणे. वाईट वाटलं भाऊ. योगेंद्रच्या शेठला हिशेब लिहिणारा माणूस हवाय. त्याला सांगून बघू का?
ताडकन उठून नाही म्हणणार होतो.
रविवारची सुट्टी असते का, एवढं विचारलं.