लार्चखालचं जिनसेंग

३ मे, सकाळी
डोंगरावरचा बर्फ गेला. लार्चच्या झाडांखाली जिनसेंगच्या औषधी मुळ्यांना कोंब आलेत. बी टाकून नऊ वर्षं झाली. व्यापारी छाओ म्हणतो, आज उपटलं तर कवडीमोल, पंधरा वर्षांचं झालं की दहापट. म्हणजे मी नुसता बसून श्रीमंत होतोय. गावात हे कुणाला कळत नाही.

११ मे
बायकोला, ग्वीझेनला, घेऊन जिल्ह्याच्या दवाखान्यात. काचबिंदू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महिन्याच्या आत ऑपरेशन करा, गेलेली नजर परत येत नाही. डॉक्टर लोकांना घाई असतेच. त्या खर्चासाठी आत्ता मुळ्या विकणं शुद्ध मूर्खपणा. डोळ्यांत थेंब चालू.

२ जून
मुलीचा दाल्येन शहरातून फोन. मुळ्या उपटा म्हणाली. दहापट म्हणजे काय ते तिला नीट समजावत होतो, तर फोन कट. रेंज नसणार.

२० जून
तोडगा सापडला. मुळ्या नाही, झाडं विकायची! कडेची चाळीस फक्त. ग्वीझेनने विचारलं, जिनसेंगला सावली लागते ना. म्हटलं, थोडं ऊन सगळ्यांनाच मानवतं.

९ जुलै
ठेकेदार म्हणाला, चाळीस झाडांसाठी ट्रक वर आणणं परवडत नाही, अख्खा उतार द्या. दिला. धंद्यात मन मोठं लागतं. सावलीला काळी जाळी लावू. पैसे लाकूड विकल्यावर. ग्वीझेनला चाळीसच सांगितलंय. उगाच काळजी करत बसते.

२६ जुलै
जाळी अर्ध्याच उताराला पुरली. पानं करपली. छाओ येऊन बघून गेला, चहासुद्धा घेतला नाही. माझ्या मते मुळ्या विश्रांती घेताहेत.

१४ ऑगस्ट
तीन दिवस पाऊस. माती, मुळ्या, जाळी, सगळं ओढ्यात. खाली शोधून अकरा मुळ्या मिळाल्या. नऊ मऊ पडलेल्या.
ग्वीझेनचा पाय उंबऱ्याला अडखळला. उंबरा जरा उंचच आहे.

५ सप्टेंबर
ठेकेदाराने पैसे दिले. लगेच दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांत बॅटरी मारली, मग बंद करून खिशात ठेवली. ऑपरेशनचं मीच विचारलं. आता उपयोग नाही म्हणाल्या.
पैसे तेवढे वाचले.

२८ सप्टेंबर
ग्वीझेन हट्टाला पेटली, डोंगरावर ने. माझी बाही धरून चढली. बुंध्यावर बसवली. तिने तोंड वर केलं. मग म्हणाली, "म्हाताऱ्या, इथं ऊन फार लागतंय."
म्हटलं, यंदा पानं लवकर गळली.
तिने खाली हात नेला. बुंध्याच्या कापलेल्या तोंडावरून तळवा फिरवला, कडेपासून कडेपर्यंत, दोनदा.
"हो," म्हणाली. "यंदा लवकरच गळली."