केशरावरची धाकटी

तळेगाव ढमढेरे,
दि. ११ डिसेंबर २०२४

चि. सौ. अक्षदास ताईचे आशीर्वाद.

इकडं सगळी बरी आहेत. लग्नसराई आहे, त्यामुळं पार्लरमध्ये बसायला फुरसत नाही. दौंडला थंडी कशी? पाय सुजतात म्हणालीस, तर उशीवर ठेवून पडत जा. सासूबाईंना नमस्कार. फोनवर तू मधेच हसतेस आणि माझं बोलणं राहून जातं, म्हणून दौंडला निघालेल्या आपल्या विक्रमच्या हाती ही चिठ्ठी देतेय.

तुझा निरोप पोचला. सातव्या महिन्यात दुधातून घ्यायला केशर हवंय, आणि डोहाळजेवणाला तोंडाला लावायला केशराचा लेप, तोही "ताईच्याच हातचा". खरं सांगू? ऐकून आधी जळजळलं. म्हटलं, आता हिच्या बाळालाही केशर!

तुझ्या वेळी आईला दिवस गेले, तेव्हा आबांचे दोस्त सिद्दीकचाचा काश्मीरहून डबी घेऊन आले होते. माझ्या वेळी कुणी काही आणलं नाही. "धाकटी केशरावरची, थोरली चहावरची," असं रंगुआत्या चारचौघांत म्हणायची आणि सगळे हसायचे. तूही हसायचीस. केशर पिऊन बाळ गोरं होत नाही, हे मी गिऱ्हाइकांना रोज कानीकपाळी ओरडून सांगते. तुझं तोंड बघितलं की माझंच मला पटत नाही. मी दिवसभर दुसऱ्यांचे चेहरे उजळत बसते, आणि तू नुसतं पाणी मारून येतेस नि सगळ्यांची नजर तुझ्यावर!

बरं, ते असू दे. तुला आईचं सांगायचं होतं. परवा सिंधूकाकू पोरीच्या लग्नाची हळद दळायला बोलवायला आल्या. पूर्वी भावकीत आईशिवाय कुणाच्या हळदीचं जातं फिरायचं नाही. आई म्हणाली, "नगं बया. माझ्या हळदीनं माझ्याच लेकीचं तोंड जाळलं. माझा हात चांगला न्हाई."

अक्षू, आईची हळद चांगली होती.

तुझ्या हळदीच्या आदल्या दुपारी मी तुला लेप लावला होता, आठवतंय? खरं केशर पाण्यात रंग हळूहळू सोडतं आणि काडी लालच राहते. त्या दिवशी मी वाटीत टाकलं, तर पाणी लगेच लालभडक आणि काड्या पांढऱ्या पडलेल्या. सणसवाडीत एका फिरत्या माणसाकडून घेतलेलं, नुसतं रंगवलेलं. मला कळलं होतं. खऱ्या केशराची डबी ड्रॉवरमध्येच होती. तिच्यावर हात ठेवला आणि परत काढून घेतला. म्हटलं, एक दिवस नाही चमकली तर काय बिघडतंय हिचं?

चट्टे उठतील असं वाटलं नव्हतं, देवाशपथ. पण दुसऱ्या दिवशी हळद लागल्या लागल्या उठले, तेव्हा तुझ्या गळ्यात पडून रडताना आतून मला बरं वाटलं गं. तुझ्या सासरच्या बायकांनी हळदीला नावं ठेवली, आई मान खाली घालून बसली, आणि मी तोंडातून ब्र काढला नाही. अडीच वर्षं झाली.

काल आईला सगळं सांगितलं. मला वाटलं, थोबाडीत देईल. ती उठली, जात्यावरचं पोतं बाजूला केलं आणि खुंटा ठोकून घट्ट केला. मग म्हणाली, "सिंधूला सांग, येते म्हनून." माझ्याशी अजून बोलत नाही.

सोबत डबी पाठवतेय. आधी वाटीत टाकून बघ, मगच दुधात घाल. माझ्या शब्दावर जाऊ नकोस. लेप पाठवत नाही. या दिवसांत तोंडाला काही लावायचं तर डॉक्टरांना विचारून लाव.

डोहाळजेवणाला मला बोलवायचं का नाही, ते तू ठरव. आईला मात्र पुढं बसव, आणि हळद कशी होती ते त्याच बायकांसमोर सांग. माझं नाव घेऊन सांग.

आणि मुलगी झाली, माझ्यासारखी सावळी झाली, तर तिला कुणाला चहावरची म्हणू देऊ नकोस. हसूही नकोस.

तुझी, अजूनही थोडी जळणारी,
चहावरची ताई
तेजश्री