डॉक्टरांच्या गाडीचा सुंभ

अप्पा, डॉक्टरांची गाडी कन्याकुमारीला पोचली. टोचन न लावता, स्वतःच्या चार चाकांवर. तुम्ही गेलात, तुमच्यामागून काही वर्षांनी डॉक्टरही गेले, त्यांच्या दवाखान्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे, आणि ही बया मात्र अजून चढावर दुसऱ्या गिअरमध्ये कुरकुर न करता चालते. हे सांगण्यासारखं माणूस जगात तुमच्याशिवाय दुसरं कोणी नाही, म्हणून तुमची लेक लिहायला बसली. घरात कोणाला सांगितलं तर म्हणतात, बरं झालं, आता हात धू आणि जेवायला ये.

सध्या ती डॉक्टरांच्या नातवाकडे असते. तो पुण्यात नोकरी करतो, गाडीवर त्याचा भारी जीव, आणि त्याने तिला इतकं नटवलं आहे की मी पहिल्यांदा बघितली तेव्हा दोन मिनिटं ओळखलीच नाही. नवा रंग, नव्या कातडी सीटा, बोनेटखाली तर तोंड बघून घ्यावं. मुंबईहून कन्याकुमारीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जुन्या गाड्यांची रॅली निघणार होती, त्यात त्याने नाव घातलं आणि मला फोन केला. म्हणाला, आत्या, शेजारी नकाशा बघणारा आणि वेळेला पाना धरणारा माणूस हवा, तुम्ही येता का? तंत्रनिकेतनात तीस वर्षं पोरांना इंजिन शिकवून मी नुकतीच निवृत्त झाले होते. फळ्यावरच्या इंजिनाला कधी धूर येत नाही, अप्पा. मी लगेच हो म्हटलं.

ही शर्यत नसते. जोरात पळवण्याचं काहीच कौतुक नाही. रोज ठरलेल्या नाक्यांवर ठरलेल्या वेळात हजर व्हायचं, नोंद करून पुढे निघायचं, असं अकरा दिवस. तीनदा उशीर झाला की बाद. दुसऱ्या गाडीने ओढून आणलं तरी बाद. पंचवीसेक गाड्या होत्या, काही तर तुमच्याही आधी जन्मलेल्या. मला एकाच गोष्टीची उत्सुकता होती: इतकी जुनी गाडी रोज उठून, उन्हात, लागोपाठ चालवली तर तिच्यातलं आधी काय दमतं? मला वाटलं होतं इंजिन. चूक. इंजिनं ठणठणीत होती. दमलं ते रबर. वाळकी नळी, फुगलेला वॉशर, ब्रेकच्या कपातलं चिंधीएवढं सील. आणि दमली ती वायरिंगची टोकं, जिथे लोखंडाला लोखंड लागायला हवं तिथे नव्या रंगाचा जाड थर बसलेला, म्हणून दिवे बंद, हॉर्न मुका. पहिल्या तीन दिवसांत रस्त्याकडेला बोनेट उघडून उभ्या दिसल्या त्या बहुतेक सगळ्या नटलेल्या गाड्या. कोल्हापूरचं एक जोडपं होतं, दोघं सत्तरीचे, त्यांच्या गाडीचा रंग जागोजागी उडालेला, एका दाराला आतून दोरी. पण तीच गाडी घेऊन ते आठवड्याला बाजाराला जातात. ते दोघं डबा खात खात सगळ्यांच्या आधी नाक्यावर पोचायचे. तुम्ही म्हणायचात ना, गाडी बसून मरते, पळून मरत नाही. ते मी वर्गात कितीदा सांगितलं असेल, पण डोळ्यांनी आत्ता बघितलं.

आता तुमची शेड डोळ्यांसमोर येते. जांभ्या चिऱ्याच्या तीन भिंती, चौथी बाजू उघडी, वर कौलं. भिंतीला खिळ्यावर पाने टांगलेले, आणि त्यांच्या शेजारी, गॅरेजमध्ये जी कोणाकडे नसते ती वस्तू, काथ्याच्या सुंभाची गुंडाळी. मी दहा वर्षांची आहे. डॉक्टरांची गाडी सुरू आहे, बोनेट उघडं आहे, आणि मी कुठलीतरी टोपी फिरवून बघते आहे. गाडी ठसकून बंद पडते. तुम्ही ओरडत नाही. तुम्ही कधीच ओरडला नाहीत, तुम्ही गप्प व्हायचात, ते जास्त वाईट. त्या दिवशी एवढंच म्हणालात, "चालत्या गाडीला हात लावू नये गो बाय. आधी ती काय बोलतेय ता ऐक." मग फडक्याने माझे हात पुसलेत, आणि संध्याकाळी शेड बंद करताना तुमचा दहा-अकराचा पाना माझ्या हातात ठेवलात. तो माझ्याकडे अजून आहे. रॅलीत तोच नेला होता.

सुंभाचं काम मला तेव्हाही चमत्कारिक वाटायचं. टाकीतून इंजिनाकडे जाणारी पेट्रोलची बारीक नळी तापलेल्या भागाजवळून जाते. कडक उन्हात मोठा चढ लागला की नळीतल्या पेट्रोलला उकळी फुटते, आत बुडबुडे धरतात, पंपाच्या हाती फक्त हवा लागते. टाकी भरलेली आणि गाडी उपाशी. आम्ही पोरांना शिकवतो त्याला व्हेपर लॉक म्हणतात, तुम्ही म्हणायचात पायपात वारा धरला. डॉक्टरांना व्हिजिटसाठी राजापूरपर्यंत जावं लागे, भर दुपारी. म्हणून तुम्ही त्या नळीला आणि पंपाला सुंभ घट्ट गुंडाळून ठेवला होतात, तापलेल्या भागापासून बरोबर दोन बोटं लांब. चढ सुरू व्हायच्या आधी डॉक्टर गाडी थांबवून त्यावर तांब्याभर पाणी ओतायचे आणि पुढे निघायचे. डिकीत त्यांची औषधांची पेटी आणि तुमचा तांब्या शेजारी शेजारी असायचे.

आणि मग तो दिवस. मी डिप्लोमा पहिल्या वर्गात पास होऊन आले आहे. डॉक्टर गाडी घेऊन आलेत, बाकड्यावर बसलेत. मी बोनेट उघडते, सुंभ बघते, आणि ब्लेडने कापून काढते. नवी नळी, नवा पंप, मध्ये पत्र्याचा आडोसा, पुस्तकात दाखवतात तसं सगळं. कापलेला सुंभ पायाशी टाकून मी डॉक्टरांना सांगते की हे असलं गावठी काम आता चालत नाही. अप्पा, तुम्ही चार हात अंतरावर उभे होतात. हातात ग्रीसचा डबा होता. तुम्ही म्हणालात, "बरं." तेवढंच. डॉक्टर काहीतरी बोलून हसले, मला वाटलं माझं कौतुक झालं. त्यानंतर तुम्ही एकाही गाडीला सुंभ बांधला नाहीत. खिळ्यावरची गुंडाळी कधी गेली तेही मला कळलं नाही. पुढच्या वर्षी शिमग्याच्या आधी तुम्ही गेलात. डॉक्टरांनी तोवर लांब जाणं सोडलं होतं, गाडी बाजारापुरती फिरायची, त्यामुळे माझा पत्रा बरोबर की तुमचा सुंभ, याचा निकाल कधी लागलाच नाही. लागला नाही म्हणून मी तो माझ्याच बाजूने लावून घेतला होता, हेही खरं.

निकाल लागला चौथ्या दिवशी. शिमगा नुकताच झालेला, ऊन भाजत होतं. रात्रीचा मुक्काम रत्नागिरीत होता, सकाळी निघून आम्ही राजापूर गाठलं, अर्जुना नदी ओलांडली, पलीकडचा चढ सुरू झाला आणि गाडी ठसकली. थांबलो, गार होऊ दिली, निघालो, पुन्हा ठसकली. पत्र्याचा आडोसा होता की, नातवाने तर माझ्याहून भारी, दुहेरी लावून घेतला होता. तो पत्राच तापून उलट नळीवर आग ओकत होता. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा नातू बाटलीतलं पाणी पंपावर ओतत होता, आणि ते सुळकन खाली रस्त्यावर जात होतं. आधीच दोनदा उशीर झाला होता, एकदा दिव्यांपायी आणि एकदा ब्रेकपायी. आज संध्याकाळचा नाका चुकला की आजोबांची गाडी बाद. पोराचे डोळे भरून आले होते. मी खाली जाणारा टेम्पो थांबवला आणि राजापूरच्या बाजारात गेले.

दोऱ्यांच्या दुकानात सगळीकडे नायलॉन. म्हातारा दुकानदार मागून काथ्याची गुंडाळी काढत म्हणाला, "म्हशीला हवा की माडाला?" मी म्हटलं गाडीला. त्याने मान हलवून, दोन्ही हात पसरून दहा वाव मोजून दिला. परत येऊन बादलीत भिजवला आणि बांधायला घेतला, तर नातू कसानुसा होऊन म्हणाला, "आत्या, लोक फोटो काढतायत. एवढ्या खर्चाच्या इंजिनाला हे असलं?" माझे हात थांबले, अप्पा. गावठी हा शब्द त्याने उच्चारला नाही एवढाच काय तो फरक. मी त्याला रागावले नाही. मीही तुमच्यासारखी म्हटलं, बरं. पण मी बांधत राहिले.

आणि चुकीचा बांधला. वरून खाली गुंडाळला, जशी कोणीही दोरी गुंडाळेल. पाणी ओतलं की वळशावरून वळशावर घसरून निघून जायचं. मैलभर गेलो आणि पुन्हा तेच. तेव्हा मी रस्त्याकडेला उकिडवी बसले आणि डोळे मिटून तुमचे हात आठवले. तुम्ही खाली वाकलेले, सुंभाचं टोक तळाशी दाबून धरलेलं, आणि मला सांगताय, "खालसून वर ने. पाणी खाली पळतंय, त्याला अडवत जा." प्रत्येक वळसा खालच्या वळशावर थोडा चढवायचा, म्हणजे पाणी त्या खोबणीत थांबतं. ब्लेड चालवताना हे माझ्या डोक्यात कुठे होतं कोण जाणे. सगळा सोडला, खालून वर बांधला, दोन बोटं अंतर मोजून. गाडीने तो चढ एका दमात पार केला. संध्याकाळी नाक्यावर पोचलो तेव्हा घड्याळात चार मिनिटं शिल्लक होती. नातू गाडीतून उतरला, बोनेट उघडून त्या ओल्या सुंभाकडे नुसता बघत राहिला, आणि मग कोणी फोटो काढायला आलं की स्वतःच बाजूला सरकून जागा करून देऊ लागला.

पुढची मजा ऐका. नव्याचे नऊ दिवस संपत आले तशा बाकीच्या नटव्या गाड्याही उन्हात बसायला लागल्या आणि लोक आमच्याकडे यायला लागले. कारवार सोडलं तेव्हा तीन गाड्यांना सुंभ होता, केरळात शिरेपर्यंत आठ. तिथे तर दारोदार काथ्या, तिथली माणसं बोनेटमध्ये डोकावून पोट धरून हसायची. कोल्हापूरच्या म्हातारीनेही येऊन सुंभ बांधायला शिकून घेतलं, त्यांना गरज नव्हती तरी. ती म्हणाली, सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण हा जळतही नाही की. मला तुमचं तोंड आठवलं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. कन्याकुमारीला शेवटच्या दिवशी सगळे जमले होते. रॅलीचे मुख्य मेकॅनिक, सैन्यातून निवृत्त झालेले, अतिशय नेमके गृहस्थ. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं की ही सुंभाची युक्ती मुळात कोणाची, पुढच्या वर्षी येणाऱ्यांसाठी सूचनांचं पुस्तक काढतोय, त्यात नावासकट घालायची आहे. मी म्हटलं, माझी.

टाळ्या झाल्या. नातवाने माझ्याकडे बघितलं, त्याला काही माहीत नव्हतं. का म्हणाले, याचा मी परतीच्या वाटेवर खूप विचार केला. मोठेपणाची हाव म्हणावं तर थोडी असेल, नाही म्हणत नाही. पण तुमचं नाव घेतलं असतं तर लगेच कोणीतरी विचारलं असतं, मग सुंभ गाडीवर आधी का नव्हता, आणि मला सांगावं लागलं असतं की मी कापला. चारचौघांत तुमचं काम पायाशी टाकताना मला लाज वाटली नाही, आणि चारचौघांत ते उचलताना वाटली. याची मला खरोखर शरम वाटते, अप्पा.

घरी आल्यापासून शेडमध्ये प्रयोग मांडला आहे. तीन नळ्या, तिन्ही सारख्या तापवायच्या. एकीला फडकं, एकीला बाजारात मिळते ती चकचकीत पट्टी, एकीला सुंभ. फडकं आधी सुकतं. सुंभ कितीतरी वेळ ओला राहतो, कारण तंतू जाडेभरडे, आत वारा खेळतो आणि पाणी सावकाश उडतं. पण तुम्हाला हे कसं सुचलं? पाण्याच्या माठावरून? गलबतावरच्या कोणा खलाशाने सांगितलं? की आधी फडकं बांधून बघितलंत, ते सुकलं, मग गोणपाट, मग सुंभ, असे कितीतरी उन्हाळे घालवलेत? मी तेव्हा डिप्लोमा घेऊन आले होते आणि एकही प्रश्न विचारला नाही. आता वही भरेल इतके आहेत.

त्या मेकॅनिकसाहेबांसाठी फोनवर दोनच ओळी लिहून ठेवल्या आहेत, की युक्ती माझ्या वडिलांची आहे आणि ती एकदा मीच काढून टाकली होती. पुस्तक छापायला जायचं आहे, त्यांनी दोनदा विचारणाही केली, नाव कसं घालू म्हणून. तुम्हाला हे पानंच्या पानं लिहून झालं, आणि त्या दोन ओळी काही माझ्या हातून जात नाहीत. तुमच्यापाशी कबूल करणं सोपं आहे. तुम्ही बरं म्हणाल आणि ग्रीसचा डबा घेऊन आत जाल.