दोन बोटं फोम

दादा,

वहिनी म्हणाली, माझ्या नव्या मोटरसायकलची पहिली फेरी तूच मारणार आहेस. परस्परच ठरवलंस का?

बाबांच्या रविवारच्या भटकंतीत मी पुढे टाकीवर बसायचे, तू मागे. मोठे झाल्यावर त्यांनी हँडल तुझ्या हातात दिलं. मी मागितलं, तर तू फिदीफिदी हसलास, "आधी पाय तर टेकव!"

परवा शोरूमवाल्यानेही मला स्कूटरच दाखवली. मी ढिम्म हलले नाही. हवी तीच दणकट गाडी घेतली, थेट सीटवाल्याकडे नेली आणि पुढच्या सीटचा दोन बोटं फोम कापून घेतला. आता माझे दोन्ही पाय टेकतात. तुझे गुडघे मात्र हँडलला आपटतील.

हे पत्र काही मी पाठवत नाही. रविवारी तू खुशाल ये. मागची सीट मी कापलेली नाही.

तुझी,
बुटकी