फ्रिजमधला मासा फेकू नकोस

सूनबाई,

वरच्या कप्प्यात ताटलीत मासा आहे. नाक मुरडू नकोस. तो खायचा नाही, शिकायचा आहे. पोरीला घरी शिकवायच्या तुझ्या तक्त्यावर या आठवड्याला मासे लिहिलेत, म्हणून मी मासाच आणला. कागदाच्या माशाला टिकल्या चिकटवताना पोरगी तिसऱ्या टिकलीलाच पेंगली. खऱ्याचे खवले मात्र तिने चाळीसपर्यंत मोजले. परवापर्यंत विसाच्या पुढे जात नव्हती.

काल फोनवर तुझ्या आईला सांगत होतीस, "सासूबाई चौथी पास, त्या काय शिकवणार? सोमवारपासून पोरीला बालवाडीत घालते." भिंतीला कान असतात, मलाही दोन आहेत. तुझ्या इंजिनियर नवऱ्याकडून पाढे या चौथी पासनेच घोकून घेतलेत.

आम्ही दोघी तळ्यावर जिवंत मासे बघायला चाललोय, सहापर्यंत येऊ. शाळेचा फॉर्म टेबलावर आहे, मी फाडलेला नाही. भरण्याआधी पोरीला एवढंच विचार, मासा डोळे का मिटत नाही. तिच्याआधी तुला उत्तर आलं, तर सोमवारी मी स्वतः तिला शाळेत सोडून येईन.

तुझी सासू