पोटाशी बांधलेली भाकर

बाबा, तुमचा गुडघा कसा आहे? उठताना अजून हात टेकावा लागतो का? मायचा दमा कमी असेल. तिकडं चुलीचा धूर नसावा असं मी आपली धरून चालले आहे. आजीला आता नीट ऐकू येतं, की तुम्ही बोलता एक आणि ती ऐकते दुसरंच? आणि धरणाच्या काठावर तुमचे कोरडे कपडे राखत बसणारा आपला लंगडा कुत्रा, तो भेटला का? इकडं सगळे बरे आहेत. तुमचा नातू धडधाकट आहे, माझ्या सुनेची कंबर मधेमधे धरते. माझं विचाराल तर पाय सोडून बाकी मी ठणठणीत. त्या पायांसाठीच लिहायला बसले आहे.

थंडी पडली आहे, बाबा. तुम्हाला आवडायची तशी, पाण्यावर वाफ धरणारी. मागच्या आठवड्यात जाळं काढून परत येत होते आणि पाय कुठं गेले तेच कळेना. मी बसलेली हवेची ट्यूब एका जागी गोल फिरायला लागली. लेक त्याच्या ट्यूबवरून ओरडला, "माय, पाय हालवून राह्यली का तू?" मी म्हटलं, "हालवून राह्यली ना." तर म्हणतो, "मंग पाणी काऊन हालत नाही?" म्हशीमागं रेडकू बांधावं तसं त्यानं मला दोरीनं ओढत काठाला आणलं. घरी येऊन माझ्या ट्यूबची हवा सोडली आणि ती खुंटीला टांगून दिली. रागावला नाही. रागावला असता तर मी भांडले असते. त्यानं मोबाइलवरून छातीपर्यंतची रबरी पँट मागवली आहे, तिच्यात तो उकडून निघतो. म्हटलं, मलाही एक मागव. तर म्हणाला, "पँट गरम राहीन माय, पण पाय तं तुहेच राहतीन ना." तेव्हापासून मी काठावर बसून जाळ्यातली चिलापी मासळी निवडते.

खुंटीवरची ती ट्यूब पाहिली की तुम्ही आणलेली पहिली ट्यूब आठवते. जीपची होती, पंक्चरवाल्यानं टाकून दिलेली, ठिगळांनी भरलेली. देऊळघाटच्या बाजारात मासे विकून तुम्ही परत येताय, ट्यूब गळ्यात घातलेली, नंदीबैलासारखे दिसताय, आणि मी अंगणात हसून लोळतेय. शेजारची काकू म्हणते, "पोरीले ट्यूबवर बसोता का आता? तिले काय मासोळीच्या घरी द्याची हाये?" तुम्ही म्हणता, "सोयरीक चांगली असंन तं देऊन टाकू." मग दिवसभर माझी तयारी. ट्यूबच्या मधोमध सुतळीची वीण, तिच्यावर गोणपाट, गोणपाटाखाली खताचं प्लास्टिकचं पोतं, म्हणजे बुडाला पाणी लागणार नाही. पायांना जवसाचं तेल. त्यावर शाळेतल्या गुरुजींच्या जुन्या स्वेटरच्या कापलेल्या बाह्या, आणि त्यावर पुन्हा खताच्या पोत्याच्या नळ्या. त्या मी घोट्याशी गच्च बांधल्या तर तुम्ही सोडायला लावल्या. "आवळू नको वं. रगत फिरलं पाह्यजे. थंडीले भेतं त्याले थंडी आवळल्या जागीच धरते." कान फडक्यानं झाकायचे, पाण्यात बोटं हलवत राहायची, हातात जुन्या चपला घालून पाणी मागं लोटायचं. इतकं झालं की मी राणी.

आणि सगळ्यात शेवटी भाकर. तव्यावरची ज्वारीची भाकर माय फडक्यात गुंडाळून पोटाशी बांधायची, तुमच्या सदऱ्याच्या आत, माझ्या झग्याच्या आत. एक तुम्हाला, एक मला. पोट गरम तर हातपाय गरम, असा तुमचा हिशेब. भाकर निवली की जाळं कितीही भरलेलं असो, परत फिरायचं. काठाला येऊनच ती खायची. घड्याळ आपल्या घरात नव्हतं आणि लागलंही नाही.

पहिल्याच दिवशी मी काय केलं ते तुम्ही गावभर सांगितलंत. पोटाशी तो खरपूस वास, मी भुकेली. तुमची पाठ फिरली तशी मी फडकं सोडलं आणि पाण्याच्या मधोमध बसून अख्खी भाकर खाऊन टाकली. थोड्या वेळानं दात वाजायला लागले. तुम्ही चपला मारत जवळ आलात. "भाकर कुठी हाये?" मी म्हटलं, "पोटालेच हाये, बाबा. आतून." तुम्ही हसणार नाही असं ठरवलं होतं, ते तोंडावर दिसत होतं. "आतून असली तं मंग कापून काऊन राह्यली?" असं दरडावलंत, आणि आपल्या पोटाची सोडून माझ्या झग्यात कोंबलीत. तुमच्या अंगाची ऊब आणि भाकरीची ऊब, वेगळी काढता येत नव्हती. परत येताना तुमचे ओठ निळे झाले होते आणि तुम्ही मला मोठमोठ्यानं काहीबाही सांगत होतात. अंगणात पोचलो की माय तुमच्या पायाला हात लावून विचारायची, "निवले का जी?" तुम्ही म्हणायचे, "हाव, निवलो." पाय गार पडले असंही, आणि जीव शांत झाला असंही. तुम्ही कुठलं म्हणत होतात, मी कधी विचारलं नाही.

तुम्ही गेलात त्या सकाळी मी तुमचे पाय मांडीवर घेऊन जवसाचं तेल चोळत बसले होते. माय म्हणाली, "राह्यू दे वं आता. निवले ते." मी म्हटलं, "निवले म्हणूनच तं चोळून राह्यली." तिनं मग मला थांबवलं नाही. ती दुसरा पाय चोळू लागली.

लेकाचं चुकत नाही, मला कळतं. पण बाबा, काठावर तुम्ही नसता. तुम्ही मला पाण्याच्या मधोमध भेटता, जिथं चपलांचा आवाज थांबतो आणि पोटाशी ऊब असते. ते सोडायचं म्हणजे तुम्हाला दुसऱ्यांदा सोडायचं. म्हणून आज सुनेला म्हटलं, एक भाकर जास्तीची टाक. ती माझ्या पोटाशी फडकं बांधता बांधता म्हणाली, "आत्याबाई, पाण्यात तं जायचं नाही, मंग हे कायले?" मी म्हटलं, "पत्र लिहायचं हाये." तिनं बिचारीनं गाठ तेवढी सैल बांधली.

हे पत्र टाकायचं कुठं? उशीखाली राहील. भाकर निवेपर्यंत लिहायचं आणि मग परत फिरायचं, असं ठरवून बसले होते. खरं सांगू का, वर तुमच्या ट्यूबचं लिहीत होते ना, तेव्हाच ती निवली होती. मी हात लावून पाहिलं आणि लुगडं पुन्हा वरून ओढून घेतलं. आता तुम्ही काय म्हणता ते लवकर लिहून कळवा. तोवर मी काही ती सोडत नाही.